जेवताना मोबाईल लागतोच, काय करू?

प्रश्न: ताई, माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे, मोबाईल समोर असल्याशिवाय घासच घेत नाही, आणि एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप चालू. एकदम बंदच करून टाकू का?

उत्तर: अगं, एकदम बंद नको, पण ताटासमोरून मात्र तो आजपासून उचलच. स्क्रीनकडे बघत खाताना पोट भरलंय हे पोरांना नीट कळत नाही, आपण भरवत राहतो आणि ती गिळत राहतात. दोन-चार दिवस रडेल, कमी खाईल, घाबरू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय की 2 ते 4 वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त 1 तास, त्याहून कमी असेल तर उत्तमच. सेटिंगमध्ये जाऊन ऑटोप्ले आधी बंद कर, आणि ती बघत असताना शेजारी बस, "ससा कुठे गेला गं?" असं विचारत राहा म्हणजे ती नुसती बघणार नाही, बोलेलही. थांबायच्या आधी "हे शेवटचं" म्हणून सांग आणि बंद करायचं बटण तिलाच दाबू दे, मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल खुशाल करू दे. तुम्ही दोघंही आठवडाभर जेवताना आपापले फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि कसं चाललंय ते मला नक्की कळव.