31 मार्चचा रकाना आधी खोडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरातल्या एका शासकीय विभागाच्या जिल्हा कार्यालयात तुम्ही सांख्यिकी सहायक म्हणून चार महिन्यांपूर्वी रुजू झालात. साहेबांनी 2026-27 साठी विभागाच्या सांख्यिकी कामाचं नियोजन मागितलंय. मागची नस्ती, म्हणजे जुनी फाइल, उघडली तर त्यात बावीस अहवालांची यादी आणि प्रत्येकासमोर ‘31 मार्च’ एवढंच. सुरुवात कुठून करू?

मी याच जिल्ह्यात सांख्यिकीच्या कामात तीस वर्षं काढली. सांख्यिकी सहायक म्हणून लागलो, सहायक संशोधन अधिकारी म्हणून निवृत्त झालो. तुमच्या हातात आहे तशी यादी मीही पाहिलीय, सुरुवातीची काही वर्षं नुसती तारखा बदलून पुढे पाठवलीही आहे. म्हणून सांगतो, तो 31 मार्चचा रकाना आधी खोडा. ती हिशेबाची तारीख आहे, खर्च त्या दिवशी संपतो. माहिती त्या दिवशी तयार होत नाही.

प्रत्येक विषयाचं वर्ष वेगळं असतं. शेतीचं वर्ष 1 जुलै ते 30 जून. साखरेचं 1 ऑक्टोबर ते 30 सप्टेंबर, आणि आपल्या जिल्ह्यात ते विसरून चालत नाही, कारण गाळप सुरू झालं की अर्धा जिल्हा त्याच्यामागे असतो. शाळांची पटसंख्या 30 सप्टेंबरच्या संदर्भ दिनांकाची, म्हणजे त्या दिवशी पटावर जेवढी मुलं तेवढी. जन्म-मृत्यूची नोंद जानेवारी ते डिसेंबर. सहकारी संस्थांचा ताळेबंद 31 मार्चचा खरा, पण लेखापरीक्षण होऊन तो भरवशाचा व्हायला पुढे कित्येक महिने जातात. तुमच्या बावीस अहवालांसमोर आधी एवढंच लिहा: यातली माहिती कुठल्या वर्षाची, आणि ती गावात किंवा संस्थेत नेमकी कधी जन्माला येते. एवढं लिहिलंत तरी निम्मं नियोजन आपोआप उलगडेल.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण सोलापूर हा मुळात रब्बीचा जिल्हा आणि इथे 31 मार्च सगळ्यात जास्त फसवतो. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. नव्या नोकरीत मला पीक कापणी प्रयोगाला नेलं होतं, म्हणजे शेतातला ठरावीक तुकडा कापून, वजन करून उत्पादन काढायला. काळ्या रानात पायाखाली भेगा, हातात दोरी आणि चार खुंट्या. कुठला गट, त्यात कुठल्या कोपऱ्यापासून किती पावलं आत शिरायचं, हे सगळं यादृच्छिक आकड्यांवरून आधीच ठरलेलं. बघून चांगला तुकडा निवडायची मुभा नाही. पावलं मोजत गेलो तर तुकडा नेमका पातळ ज्वारीत पडला. बांधावरून शेतकरी म्हणाला, ‘तिकडं घ्या की साहेब, दाट आहे.’ सोबतच्या जुन्या तलाठ्यांनी मान हलवली आणि तिथेच खुंटी ठोकली. कणसं खुडली, कापडात बांधली, चिठ्ठी लावली, वजन केलं. मी आकडा लिहून वही मिटली तर तलाठी म्हणाले, ‘हे ओल्या कणसांचं वजन झालं. वाळू दे, मळू दे, मग धान्याचं वजन करायला परत यायचंय.’

ते दुसरं वजन म्हणजे उत्पादकतेचा खरा आकडा. तो तालुक्याला जाऊन, तपासून, एकत्र होऊन जिल्ह्याला येईपर्यंत एप्रिल-मे उजाडतो. म्हणजे 31 मार्चच्या अहवालात रब्बी ज्वारीचं उत्पादन लिहिलेलं असलं तर तो नजरअंदाज, म्हणजे उभं पीक पाहून बांधलेला अंदाज असतो, किंवा मागच्या वर्षाचा आकडा थोडा इकडेतिकडे केलेला असतो. नजरअंदाज देणं चूक नाही, निर्णयासाठी लवकरचा आकडा लागतोच. पण त्याच्यापुढे ‘नजरअंदाज’ हा शब्द लिहिलेला पाहिजे, आणि अंतिम आकडा कोणत्या तारखेला येणार हेही. तुमच्या नियोजनात अशा अहवालाला दोन ओळी द्या: पहिला अंदाज अमुक तारखेला, अंतिम अमुक तारखेला. आकडा बदलला की बातमी होते आणि लोकांना वाटतं कोणीतरी फिरवला. आधीच जाहीर केलं असेल तर तसं वाटत नाही.

आता माणसं किती आणि दिवस किती, याचा हिशेब. नियोजनात हा कोणी लिहीत नाही आणि तिथेच सगळं कोसळतं. पाच दिवसांच्या आठवड्यामुळे शनिवार-रविवार मिळून 104 दिवस गेले. सणांच्या सुट्ट्या, किरकोळ रजा, थोडी अर्जित रजा धरली की एका माणसाच्या हातात सव्वादोनशे दिवस उरतात. त्यातून निवडणूक, विधिमंडळ अधिवेशनात आमदारांनी विचारलेले तारांकित प्रश्न, बैठका आणि ऐनवेळी मागितलेली माहिती वजा करा. मी कधी एकशे सत्तरच्या वर धरले नाहीत. दोन माणसं असतील तर वर्षाचे तीनशे चाळीस दिवस. त्यात बावीस अहवाल बसतात का, ते प्रत्येक अहवालापुढे लागणारे दिवस लिहून बघा. बहुतेक नाही बसणार. मग कोणता बंद करायचा, हा प्रश्न साहेबांसमोर आकड्यानिशी ठेवता येतो.

आणि काही बंद कराच. प्रत्येक अहवालाबद्दल विचारा की गेल्या दोन वर्षांत हा कोणी उघडला, कोणत्या निर्णयात वापरला. उत्तर मिळालं नाही तर तो बंद करायचा प्रस्ताव टिप्पणीत मांडा. नव्या माणसाला हे अवघड जातं, पण नवा माणूसच हे विचारू शकतो. मात्र एखादी मालिका वीस वर्षं अखंड असेल तर तिला हात लावण्याआधी जिल्हा सांख्यिकी कार्यालयात विचारून घ्या. ते कार्यालय जिल्ह्याच्या आकडेवारीचं जे पुस्तक काढतं, त्या जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचनात तुमच्या विभागाचा तक्ता जात असतो. तुम्ही तो तोडलात तर तिथे कायमचं भोक पडतं.

वेळापत्रक करताना टेबलावर सरकारी दिनदर्शिकेसोबत पंचांगही ठेवा. आषाढी एकादशी 2025 मध्ये 6 जुलैला होती, 2026 मध्ये अधिक महिन्यामुळे ती 25 जुलैला आहे. एकोणीस दिवसांचा फरक. माउलींची पालखी धर्मपुरीहून जिल्ह्यात शिरली की नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, असा सगळा पट्टा वारीच्या कामात असतो. तुकोबांची पालखी अकलूजकडून येते. पाणी, आरोग्य, शौचालयं, बंदोबस्त. गावपातळीवरचा एकही कर्मचारी मोकळा नसतो. मागच्या वर्षीची तारीख उतरवून ‘जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात माळशिरस, पंढरपूरची माहिती’ असं लिहिलंत तर ती येणार नाही, आणि आली तर कोणीतरी बसल्या जागी भरलेली असेल. कार्तिकी, माघी आणि चैत्रीलाही पंढरपूरपुरतं तेच. शहरात जानेवारीत सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा, तेव्हा महापालिका आणि पोलिसांकडून माहिती मागू नका.

2026-27 मध्ये याहून मोठी गोष्ट आहे ती जनगणना. 2011 नंतरची ही पहिलीच. घरयादीचं काम 2026 मध्ये, प्रत्यक्ष गणना फेब्रुवारी 2027 मध्ये आणि संदर्भ दिनांक 1 मार्च 2027. शिक्षक तर लागणारच, गावपातळीवरची इतर मंडळीही कमीअधिक प्रमाणात ओढली जातील. म्हणजे ज्वारीची काढणी, जनगणना आणि मार्चअखेर फेब्रुवारी-मार्च या दोनच महिन्यांत येणार. त्या वेळी तुमच्या विभागाचं एखादं स्वतःचं सर्वेक्षण आखलेलं असेल तर ते नोव्हेंबर-डिसेंबरला ओढा किंवा सरळ पुढच्या वर्षात ढकला. तोवर दर हजारी, दर लाखी असे जे आकडे काढाल त्यांच्या तळाशी कोणती लोकसंख्या धरली ते लिहा. 2011 ची जिल्ह्याची 43,17,756 ही संख्या पंधरा वर्षं जुनी आहे. कोणी ती धरतो, कोणी अंदाजित धरतो, आणि एकाच बैठकीत एकाच गोष्टीचे दोन दर समोर येतात.

माहिती गोळा करायच्या प्रपत्राबद्दल एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका कार्यालयात आम्ही तालुक्यांकडून तक्ता मागवला. अकरापैकी एका तालुक्याने दोन रकाने कोरे ठेवून पाठवले. एकत्रीकरण मी केलं. बेरजेत कोरा रकाना शून्य धरला गेला. त्या तक्त्यावरून पुढे साहित्याची मागणी गेली आणि त्या तालुक्याच्या वाट्याला काहीच आलं नाही. तिथली माणसं दोन महिने फेऱ्या मारत होती आणि आम्ही त्यांना त्यांचाच तक्ता दाखवत होतो. शेवटी तिथल्या विस्तार अधिकाऱ्यांनी येऊन सांगितलं की माहिती मिळाली नव्हती म्हणून कोरं ठेवलं, ‘नाही’ म्हणून नव्हे. ती गोष्ट मला आजही टोचते. तेव्हापासून माझ्या प्रत्येक प्रपत्राच्या माथ्यावर एक वाक्य असायचं: नसेल तर ‘निरंक’ लिहा, माहिती मिळाली नसेल तर ‘अप्राप्त’ लिहा, कोरं ठेवू नका. तुमच्या एक्सेलमध्ये कोरा रकाना राहिला तर बेरीजच येऊ नये अशी सोय करून ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे.

तसंच गावांच्या नावांचं. आपल्याकडे तांदुळवाडी एकापेक्षा जास्त तालुक्यांत आहे, निमगावंही अनेक. नावावर जुळवणी करू नका, गावाचा शासकीय सांकेतांक पहिल्या रकान्यात घ्या. दुसऱ्या विभागाची माहिती तुमच्याशी जोडायची वेळ आली की याची किंमत कळते.

व्याख्या लिहून ठेवा, प्रत्येक तक्त्यामागे एक पान. शहराच्या पूर्व भागात घरी बसून विड्या वळणाऱ्या बायका किती, असं कोणी विचारलं तर ओळखपत्र असलेल्या किती हा एक आकडा, गेल्या महिन्यात प्रत्यक्ष विड्या वळल्या अशा किती हा दुसरा. दोन्ही खरे असू शकतात. कोणता दिला हे लिहिलेलं नसलं तर पुढच्या वर्षी तुमच्या जागी आलेला माणूस दुसरा देईल आणि कागदावर हजारो बायकांचं काम एका वर्षात गेल्यासारखं किंवा वाढल्यासारखं दिसेल. त्या भागात सर्वेक्षण असेल तर तेलुगू बोलणारा माणूस सोबत घ्या, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात कन्नड. ‘काम करता का?’ या मराठी प्रश्नाला विड्या वळता वळता ‘नाही, घरीच असते’ असं उत्तर मी स्वतः ऐकलंय. तिच्या भाषेत विचारलं तेव्हा दिवसाला किती वळते ते तिने लगेच सांगितलं. प्रशिक्षणाचा एक दिवस निव्वळ प्रश्न कसा विचारायचा यासाठी नियोजनात धरा.

प्रसिद्धीच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच साहेबांच्या सहीने ठरवून जाहीर करा. देशाचा महागाईचा आकडा दर महिन्याच्या 12 तारखेला येतो, तो चांगला असो वा वाईट. अधिकृत आकडेवारीची संयुक्त राष्ट्रांची मूलभूत तत्त्वं भारताने 2016 मध्ये स्वीकारली, त्यात आकडे सर्वांना निःपक्षपातीपणे उपलब्ध व्हावेत हे आहे. जिल्ह्याच्या छोट्या कार्यालयात तत्त्व म्हणून हे फार मोठं वाटेल. पण तारीख भिंतीवर लागलेली असली की ‘हा आकडा बैठकीनंतर द्या’ असं सांगणाऱ्याला तुम्ही भिंतीकडे बोट दाखवू शकता. ती तारीख तुमचं संरक्षण आहे. ज्या कार्यालयात ती नव्हती तिथे मी आकडे महिनोन्महिने अडकलेले पाहिलेत.

29 जूनला सांख्यिकी दिन असतो, प्रशांतचंद्र महालनोबीस यांची जयंती. यंदा तो वारीच्या गर्दीआधी येतोय. हाराचा कार्यक्रम पंधरा मिनिटांत उरकून त्या दिवशी तुमचे आकडे वापरणाऱ्या दहा-बारा जणांना बोलवा: नियोजन शाखा, बँक, महाविद्यालयातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक, एखादा पत्रकार. त्यांना कोणते तक्ते लागतात ते ऐका.

साहेबांना द्यायचा कागद एका पानाचा ठेवा. प्रत्येक अहवालाला एक ओळ आणि त्यात माहिती जन्मते ती तारीख, तालुक्याकडून यायची तारीख, तपासून व्हायची तारीख, प्रसिद्धीची तारीख, लागणारे दिवस आणि जबाबदार माणसाचं पदनाम. तपासणीचे दिवस कमी करायचा मोह होईल, तो आवरा. दर तिमाहीला एक आठवडा पूर्ण मोकळा ठेवा, तो भरून जाणारच आहे.

सहीला पाठवण्याआधी अकराही तालुक्यांतल्या तुमच्या समकक्ष माणसाला फोन करा आणि प्रत्येक तारीख वाचून दाखवा. पत्र नको, व्हॉट्सअ‍ॅप नको, फोनच. त्या आठवड्यात त्यांच्याकडे काय आहे ते विचारा. करमाळ्यापासून सुरुवात करा. ते जिल्ह्याच्या टोकाला आहेत, त्यांना बहुतेक वेळा तारीख ठरल्यानंतरच कळते.