तुमचे प्रश्न: क्लेचं काळवीट, ओटीजी आणि सोलापूरचं ऊन

मागच्या अंकात होटगी रोडवरच्या क्ले ग्रुपबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, म्हणजे रविवारी दुपारी कुणा एकीच्या हॉलमध्ये दहाबारा जण जमतात, सतरंजीवर जुन्या टाइल्स मांडतात आणि पॉलिमर क्लेचे बोटाएवढे प्राणी करत बसतात, एवढंच. त्यावर एवढे प्रश्न आले की या वेळी बाकी सगळं बाजूला ठेवलंय. निम्म्याहून जास्त प्रश्न फिरून फिरून उष्णतेवरच येतात, म्हणून तेच आधी घेते.

मी क्लेचं हत्तीचं पिल्लू केलं, गच्चीवर कडक उन्हात वाळायला ठेवलं पण अजून मऊच आहे. दुकानदाराने डुप्लिकेट माल दिला का?
(जुळे सोलापूर)

नाही हो ताई, माल बरोबर आहे. ही क्ले वाळतच नाही, कारण तिच्यात पाणीच नसतं. नावात क्ले असली तरी हे पीव्हीसीचं बारीक पीठ आणि ते मऊ ठेवणारं तेलासारखं द्रव्य यांचं मिश्रण असतंय, आणि ते पीठ एकमेकांत वितळून जुळायला ११० ते १३० डिग्री लागतात. आपलं मे महिन्यातलं ऊन ४३-४४ ला गेलं आणि गच्चीची फरशी त्याहून तापली, चटके बसले, तरी तिथवर काही पोचत नाही. म्हणजे तुमचं पिल्लू वर्षभर गच्चीत बसलं तरी मऊच राहणार, वर धूळ बसेल ती वेगळी. मऊ ब्रशने झटका आणि ओव्हनमध्ये भाजा, अजून काही बिघडलेलं नाही.

पण उन्हाची एक खोडी आहे, पक्कं करत नाही आणि धड कच्चंही ठेवत नाही. न वापरलेली पाकिटं बंद कारमध्ये, खिडकीत नाहीतर पत्र्याच्या खोलीत राहिली तर क्ले आतून अर्धवट शिजते, मग मळायला घेतली की चुरा होतो आणि आपण कंपनीला शिव्या देतो. म्हणून उन्हाळ्यात पाकिटं घरातल्या सगळ्यात गार कपाटात, खालच्या फळीवर. डबा घ्यायचा तर ज्याच्या बुडावर त्रिकोणात ५ आकडा असतो तो घ्या, ते कडक काचेसारखे पारदर्शक डबे नको, क्लेमधलं द्रव्य त्या प्लास्टिकला खातं आणि डबा क्ले दोन्ही चिकटून बसतात. कागदात पण गुंडाळू नका, कागद तेल पितो. अर्थात एप्रिल-मे मध्ये क्ले एवढी लिबलिबीत होते की हाच कागद कामाला येतो, दोन कोऱ्या कागदांमध्ये पातळ पोळी दाबून तास-दोन तास ठेवली की जरा ताळ्यावर येते.

ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) घ्यायची ऐपत नाही. इडलीपात्र, कुकर, मायक्रोवेव्ह, तवा, यातलं काय चालेल?
(अशोक चौक)

एकेक बघू. इडलीपात्र नाही, पाणी १०० ला उकळतं आणि सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे म्हणजे त्याहून थोडं आधीच, तेव्हा कितीही वाफवा, ११० गाठणार नाही. कुकर शिट्टीला आला की आत १२० च्या आसपास जातं खरं, पण ती ओली वाफ आहे, रंगावर पांढुरके डाग येतात, शिवाय त्याच कुकरात संध्याकाळी डाळ लावणार असाल तर मी हात जोडते. मायक्रोवेव्ह अजिबात नको, वस्तू कुठे फुगते कुठे जळते कळत नाही. त्याच मशीनला कन्व्हेक्शन (गरम हवेचा) मोड असेल आणि मायक्रोवेव्हच्या लहरी बंद ठेवून नुसता तोच चालत असेल तर चालेल, फक्त वस्तू झाकून ठेवा. तवा नको, पाय जळतील आणि डोकं कच्चं.

ऐपतीचं म्हणाल तर ग्रुपचा खरा फायदा इथेच आहे. सगळ्यांनी मिळून एक छोटा ओटीजी घ्यायचा, सेकंडहँड पण चालतो, एकीच्या घरी ठेवायचा आणि त्यात खायचं काही करायचं नाही. आणि त्याच्यासोबत ओव्हनमध्ये ठेवायचा वेगळा थर्मामीटर घ्या, हे मी विनंती म्हणून नाही तर अट म्हणून सांगते. छोट्या ओटीजीच्या बटणावरचा १३० म्हणजे आत कधी ११० असतो तर कधी १५०. आधी रिकामा ओव्हन पंधरा-वीस मिनिटं तापवून काटा स्थिर होऊ द्या, मग प्राणी साध्या टाइलवर ठेवून, वरून फॉइलचा सैल तंबू करून, मधल्या रॅकवर. वरच्या रॉडजवळ ठेवलं की सशाचे कान सगळ्यात आधी करपतात.

तापमान पाकिटावर असतं ते वाचा, मैत्रिणीने सांगितलेलं नको. फिमो कंपनीच्या क्लेला ११० डिग्री आणि अर्धा तास, प्रीमोच्या क्लेला १३० आणि दर ६ मिलिमीटर जाडीला अर्धा तास. जाडी मोजायची ती सगळ्यात जाड भागाची, म्हणजे पोटाची, शेपटीची नाही. वेळ थोडा जास्त झाला तर बिघडत नाही, डिग्री जास्त झाली तर बिघडतं. धूर दिसला की बटण बंद, खिडक्या उघड्या आणि सगळे बाहेर, कारण पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, नाकाडोळ्यांना झोंबतो. नीट तापमानाला भाजलं तर हे होत नाही, तरी खिडकी उघडी असू द्यावी.

संक्रांतीसाठी नंदी केला, मस्त जमला, पण भाजल्यावर पोटाला तडा गेला. आता टाकून द्यायचा का?
(बाळीवेस)

टाकू नका! तडे जायची कारणं साधारण ठरलेली असतात, आत हवा राहिली, क्ले पुरती मळली नव्हती, पोट भरीव नि जाड होतं, नाहीतर एकदम तापवून एकदम बाहेर गार फरशीवर ठेवलं. नंदीसारख्या भारदस्त प्राण्याला पोटात क्ले भरायचीच नाही, स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल घट्ट चुरगाळून, लाटण्याने ठोकून गोळा करा आणि त्यावर पाच-सहा मिलिमीटरचा थर द्या. क्ले वाचते, वजन कमी होतं, भाजणं सारखं होतं. झाल्यावर ओव्हन बंद करून दार किलकिलं ठेवा, आतच निवू द्या.

तुमच्या नंदीसाठी, तड्यात लिक्विड क्ले (हीच क्ले, पण पातळ) लावा, त्याच रंगाची क्ले दाबून भरा, बोटाने एकसारखी करा आणि परत भाजा. ही क्ले दोनदा-तीनदा भाजली तरी चालते. किंवा तड्यावरून झूल चढवा, नंदीला झूल शोभतेच.

मी कॉलेजला आहे. काळवीट करतेय पण पाय मोडतात आणि शिंगं वाकतात. यूट्यूबवर सगळे पांडा नि युनिकॉर्नच दाखवतात.
(विजापूर रोड)

तुझा प्रश्न मला सगळ्यात आवडला, म्हणून जरा लांब लिहिते. ते पांडा-युनिकॉर्न करायला सोपे म्हणून दाखवतात गं, गोल डोकं, गोल पोट, चार गोळ्या की झालं. आपल्या माळरानावरचे प्राणी सगळे लांब टांगांचे, त्यांना आधी सांगाडा लागतो. अॅल्युमिनियमची तार घे, एक लांब तुकडा पुढच्या पायापासून पाठीतून मागच्या पायापर्यंत, असे दोन, मध्ये पिळून घट्ट, त्यावर फॉइलचं धड. तार पायाच्या खाली सेंटिमीटरभर जास्त ठेव आणि ती क्लेच्या चकतीत रोव, चकतीवर मग गवत कर, माती कर, काहीही. पाय आधी क्लेने मढवून भाजून घेतलेस तर धड करताना ते चेपत नाहीत. तारेवर क्ले धरत नसेल तर आधी फेविकॉलचा पातळ हात देऊन वाळू दे.

आणि पाय मोडतात म्हणतेस ना, मला तर ते कच्चे राहिल्याची शंका येतेय. नीट भाजलेला पातळ तुकडा थोडा वाकतो, कटकन मोडत नाही. परत भाजून बघ, थर्मामीटर लावून.

शिंगांना पण आत तार. बारीक दोरी वळून तारेभोवती, टोकाकडे निमुळती, मग तार हलके पिळायची म्हणजे मळसूत्रासारखा पीळ येतो, आणि सुरीच्या पाठीने आडव्या कडा. दोन्ही शिंगं वर जाताना एकमेकांपासून लांब जातात, हे विसरलीस तर बकरी होते. पीळदार शिंगं नराला, मादी बहुतेक बिनशिंगाची आणि बदामी. नर वरून काळपट, पोट पांढरं आणि डोळ्याभोवती पांढरी वळी, ती वळी घातली की लांबूनही ओळखू येतो.

नान्नजला जाऊन आलीस का? १९७९ मध्ये माळढोकासाठी झालेलं अभयारण्य, आपल्यापासून वीसेक किलोमीटर, काळवीट तिथे कळपाने दिसतात. माळढोक स्वतः आता दिसणं अवघड, पण क्लेमध्ये करायला फार देखणा पक्षी आहे, फिकट लांब मान, डोक्यावर काळी टोपी, नराच्या छातीवर काळा पट्टा, नि पायाला तीनच बोटं, सगळी पुढे. मागचं बोट नसतं. ग्रुपमधल्या एकीने मागचं बोट केलं होतं, त्यावरून अर्धा तास वाद झाला, शेवटी मोबाईलवर फोटो मोठा करून मिटला. कोल्हा म्हणून सगळ्या जणी जो नारिंगी प्राणी करतात तो युरोपातला, आपलं खोकड राखाडी-मातकट असतं आणि शेपटीचं टोक काळं. ते कर, रंग पण स्वस्तात होतो, उरलेल्या सगळ्या क्ले एकत्र मळल्या की जवळपास तोच रंग येतो.

आमच्या घरात टॉवेलचं काम, पांढऱ्या क्लेवर दोरे आणि धूळ चिकटतेच चिकटते. बोटांचे ठसे पण राहतात.
(पूर्व भाग)

मागाच्या घरात पांढरा ससा करणं म्हणजे धाडसच आहे. दिवसाचं काम पांढऱ्यापासून सुरू करा, मग पिवळा, मग गडद, काळा आणि लाल सगळ्यात शेवटी, मध्ये प्रत्येक रंगाला ओल्या वाइपने हात आणि टाइल पुसायची. अंगात फिकट रंगाचे, दोरे न सुटणारे कपडे घाला. चिकटलेलं कुसळ चिमट्याने काढा, राहिलेला मळ कानकाडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलके पुसा, ठसे पण त्यानेच बरेच जातात, फक्त ओव्हनजवळ बाटली नको, पेटतं ते. नायट्राइल हातमोजे घातले तर ठसे उठतच नाहीत, पण मला त्यात नाजूक काम जमत नाही. भाजल्यावर राहिलेले ठसे वॉटर पेपरने (पाण्यात चालणारा पॉलिश पेपर), ४०० पासून ६००, ८००, १००० असं चढत, पाण्याखाली घासायचे म्हणजे पूड नाकात जात नाही.

चकाकी यावी म्हणून बेडकाला ट्रान्सपरंट नेलपेंट लावलं, आता तो कायम चिकट आहे.
(सात रस्ता)

तो तसाच राहणार. नेलपेंटमधलं सॉल्व्हंट क्लेला मऊ करतं. पुढच्या वेळी पाण्यात मिसळणारं व्हार्निश वापरा. रंगवायचं तर अॅक्रिलिक.

एकीकडे प्लास्टिक बंद करा म्हणायचं आणि दुसरीकडे प्लास्टिकचे प्राणी करायचे, हे कसं काय? कुंभाराकडची माती काय वाईट?
(एक काका, नवी पेठ)

काका, मुद्दा रास्त आहे. हे प्लास्टिकच आहे, मातीत मिसळत नाही, आणि कुणी याचा गणपती करून विसर्जनाला नेणार असेल तर आमचा ठाम नकार, त्याला शाडूच. मातीत करायची आवड असेल तर जरूर करा, पण दोन इंची काळविटाची शिंगं मातीत टिकवणं भल्याभल्यांना जड जातं, शिवाय तिला भट्टी लागते ती घरात कुठून आणणार. आमचं धोरण एवढंच की कच्चा चुरा फेकायचा नाही, तो सगळा एका डब्यात जातो आणि चकत्या, खडक, झाडाचे बुंधे त्यातून होतात. भाजून फसलेला प्राणी पण नवीन खडकाच्या पोटात जातो. ग्रुपला एकदा येऊन बघा, भांडायला आलात तरी चहा आहे.

आमचा पण ग्रुप सुरू करायचाय. खर्च कसा वाटायचा, आणि गड्ड्याच्या (सिद्धेश्वरच्या) जत्रेत स्टॉल लावला तर किंमत काय ठेवायची?
(शेळगी)

पाकीट बहुतेक ५७ ग्रॅमचं येतं आणि फॉइल घातलेला बोटाएवढा प्राणी पंधरा-वीस ग्रॅम खातो, म्हणजे एका पाकिटात तीनेक. सुटी पाकिटं ज्याने त्याने आणली की चार दिवसांत कुरबुर सुरू होते, माझा पांढरा कुणी संपवला वगैरे. म्हणून पांढरा, काळा आणि तपकिरी ग्रुपच्या पैशातून मोठं पाकीट घेऊन, स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर तोलून द्या, बाकीचे रंग आपापले. लहान मुलं आली तर चालतील पण ओव्हन मोठ्यांच्याच हातात, हात धुतल्याशिवाय खाणं नाही, आणि बारीक प्राणी तीन वर्षांखालच्या मुलाला खेळायला द्यायचेच नाहीत, घशात अडकतात.

किंमत ठरवताना क्ले, वीज, तार, व्हार्निश एवढं धरून लोक थांबतात आणि तीन तासांची मजुरी शून्य लावतात. तसं करायचं असेल तर स्टॉल लावू नका, वाटून टाका, निदान लोक आभार तरी मानतील. जत्रेत गर्दी असते, हात लागतात, लांब शिंगांचे प्राणी टेबलावर ठेवले की संध्याकाळपर्यंत निम्मे बिनशिंगाचे. तिथे बसलेली मांजरं, कासवं, खारी, बेडूक असं गोळीबंद काहीतरी ठेवा, काळवीट आणि माळढोक मागे काचेच्या पेटीत दाखवायला, आणि त्याची ऑर्डर निम्मे पैसे आगाऊ घेऊनच लिहून घ्या.