तंबू घ्यायचा की खोली? आधी रात्रीचा विचार करा

प्रश्न: ताई, सुट्टीत आम्ही सहा जण पहिल्यांदाच कॅम्पिंगला जायचं म्हणतोय. मी, नवरा, नऊ आणि चार वर्षांची दोन मुलं आणि सासू-सासरे. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि रात्रीतून दोनदा तरी उठावंच लागतं. नवऱ्याला तंबूच हवाय, मुलांनी तर तंबू तंबू करून घर डोक्यावर घेतलंय, मला मात्र वाटतं सरळ एखादं कॉटेज घेऊन मोकळं व्हावं. फोटो बघून बघून डोकं गरगरायला लागलंय. ठरवायचं कसं? आणि तंबू घेतलाच तर तयारी काय करायची?

उत्तर: सासूबाईंना रात्रीतून दोनदा उठावं लागतं, हे वाचलं आणि माझं अर्धं उत्तर तिथेच तयार झालं. दिवस काय हो, कुठेही छान जातो, मोकळी जागा दिसली की मुलं आपापली रमतात, मोठी माणसं सावली बघून बसतात. ट्रिप बिघडते ती रात्री. कोणाला तरी थंडी वाजते, कोणाला बाथरूमला जायचं असतं आणि अंधारात चपला सापडत नाहीत, मग एकापाठोपाठ एक सगळे जागे, आणि दुसऱ्या दिवशी जो तो चिडचिड करतोय. म्हणून घरात ज्याला झोप लागायची सगळ्यात पंचाईत असते त्याच्या हिशोबाने मी जागा बघते, व्ह्यू वगैरे सगळं त्याच्यानंतर.

तुमच्या घरात भांडायची गरजच नाहीये, दोन्ही घ्या. बऱ्याच कॅम्पसाइटवर तंबूच्या जागेबरोबर काही पक्क्या खोल्या किंवा लाकडी केबिन पण असतात. सासू-सासऱ्यांना बाथरूम लागूनच असलेली खोली आणि तुम्ही चौघं जवळच तंबूत. रात्री पाऊस झोडपायला लागला किंवा धाकट्याला ताप भरला तर हाताशी छप्पर असतं, आणि पहिल्या वेळेला तेवढा आधार हवाच, असं माझं स्पष्ट मत आहे.

बुकिंगच्या आधी फोन मात्र नक्की करा. आणि फोनवर "बाथरूम आहे का" असं विचारू नका, समोरचा "आहे" म्हणणारच. किती पावलांवर आहे, वाटेत पायऱ्या किती, रात्रभर लाइट असतो का, कमोड आहे का, धरायला काही आहे का, असं खोदून खोदून विचारा. फोटोत दिसतो तो पलंग, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्या पलंगाची उंची महत्त्वाची असते आणि ती फोटोत कळत नाही. रिव्ह्यू वाचताना पाच स्टारवाले आणि एक स्टारवाले जरा बाजूला ठेवा, तीन-चार स्टारवाले नीट वाचा, कारण तिथे माणसाने बरं-वाईट दोन्ही सांगितलेलं असतं. आणि ते पण तुम्ही जाणार त्याच महिन्यातले, कारण कोरड्या दिवसात सुंदर दिसणारं मैदान पावसात चिखल झालेलं असतं. मॅपवर सॅटेलाइट व्ह्यू लावून बघितला तर शेजारून हायवे किंवा रेल्वे जाते का ते दोन मिनिटात कळतं. कॅन्सल केलं तर कुठल्या तारखेपर्यंत किती पैसे परत, हे मेसेजवर लिहून घ्या. आणि जागा बुकिंग साइटवर दाखवून पैसे मात्र बाहेरून वेगळे पाठवा म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणायचं, जागा कितीही आवडली तरी.

आता तंबू. चार जणांचा तंबू म्हणजे चार माणसं खांद्याला खांदा लावून आडवी पडली तर मावतील एवढा, त्यात बॅगा धरलेल्या नसतात. आमच्या पहिल्या ट्रिपला आम्ही चौघं आणि तंबूही चार जणांचाच, त्यामुळे सगळे कडेला दाबलेले. पहाटे लेक रडत उठली, तिचा पाय झोपेत तंबूच्या कापडाला टेकलेला होता, मोजा पिळला तर पाणी निघेल इतका ओला आणि बोटं गारठलेली. आम्हाला वाटलं तंबू गळतोय, पण रात्रभर एक थेंब पाऊस पडला नव्हता. ते सगळं आमच्याच श्वासातलं पाणी होतं, थंड कापडावर जमलेलं. थंडी वाजेल म्हणून मी सगळ्या खिडक्या न् झडपा घट्ट बंद केल्या होत्या, आणि नेमकं तेच करायचं नसतं, वरच्या झडपा उघड्याच ठेवायच्या म्हणजे दमट हवा बाहेर जाते. तेव्हापासून आम्ही माणसं मोजतो आणि त्यात दोन मिळवतो. चौघांना सहा जणांचा तंबू घ्या.

तंबूच्या माहितीत वॉटरप्रूफचा आकडा मिलिमीटरमध्ये दिलेला असतो, म्हणजे केवढ्या उंचीच्या पाण्याच्या खांबाचा दाब कापड सोसतं ते. वरच्या कापडाला साधारण १५०० पासून पुढे चालतं, खालच्या कापडाला ३००० च्या आसपास बघा, कारण त्यावर आपण गुडघे टेकतो, बसतो, तिथे दाब जास्त येतो. खाली जादा शीट अंथरणार असाल तर ती तंबूच्या तळापेक्षा थोडी लहान हवी, बाहेर आली तर पावसाचं पाणी तीच गोळा करून तंबूखाली आणते.

तंबू लावायला जागा किंचित उंचवट्यावरची घ्या. खोलगट जागा वाऱ्यापासून आडोशाची वाटते पण पाणी तिथेच साचतं आणि रात्री थंड हवाही तिथेच उतरते. नदीच्या अगदी काठावर नको, पाऊस वर कुठेतरी लांब पडला तरी पाणी खाली वाढतं. आणि मान वर करून बघा, डोक्यावर वाळकी फांदी असेल तर दुसरी जागा शोधा.

प्रश्न: स्लीपिंग बॅगच्या लेबलवर कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम अशी तीन तापमानं आहेत. दुकानदार म्हणाला उणे दहापर्यंत चालते, लेबलवर उणे दहा हे एक्स्ट्रीमसमोर लिहिलंय. घेऊ का?

उत्तर: त्या आकड्यावर जाऊन घेऊ नका. एक्स्ट्रीम म्हणजे जेमतेम जीव वाचेल असं तापमान, त्यात झोप लागेल असा अर्थच नाही आणि शरीराचं तापमान घसरायचा धोका असतोच. आयएसओ २३५३७ नावाच्या स्टँडर्डप्रमाणे हे आकडे काढतात. त्यात कम्फर्ट म्हणजे साधारण बाईमाणसाला आरामात झोपता येईल ते, आणि लिमिट म्हणजे साधारण पुरुषाला अंग आखडून का होईना पण झोपता येईल ते. तुम्ही कम्फर्टच बघा. मुलांसाठी हे आकडे काढलेलेच नसतात, त्यामुळे त्यांना एक जादा थर लागणार असं धरूनच चाला. आणि लहान मुलाला मोठ्यांची बॅग दिली तर पायाकडचा रिकामा भाग दुमडून खाली घाला, नाहीतर तेवढी मोकळी हवा त्याच्या अंगाला गरम करत बसावी लागते.

पण खरं सांगू का, लोक बॅगेवर भरपूर खर्च करतात आणि खाली कायतरी चटई टाकतात, आणि मग म्हणतात बॅग बेकार निघाली. थंडी खालून येते. अंगाच्या वजनाने बॅगेचा खालचा भाग दबतो, त्यातली हवा निघून जाते आणि ऊब धरून ठेवते ती हवाच, मग जमीन रात्रभर अंगातली उष्णता ओढून घेते. म्हणून मॅटची आर-व्हॅल्यू बघा, म्हणजे मॅट खालची थंडी किती अडवते तो आकडा, जास्त तेवढा चांगला. उबदार दिवसात २ च्या आसपास ठीक आहे, गारठा असेल तर ४ किंवा जास्त. एकावर एक दोन मॅट टाकल्या की आर-व्हॅल्यूची बेरीज होते, त्यामुळे घरात साधी फोमची मॅट असेल तर ती खाली घाला आणि दुसरी वर. फुगवायची मोठी जाड गादी बघून फसू नका, आत नुसती हवा असली तर ती आतल्या आत फिरत राहते आणि पाठ गार पडते. आणि डोंगरावर जाणार असाल तर गावातल्या तापमानावर जाऊ नका, दर १००० मीटरला साधारण साडेसहा अंश कमी होतात.

प्रश्न: पाऊस आला तर गॅसची छोटी शेगडी तंबूच्या दारात आत घेऊन चहा केला तर चालेल ना? दार उघडंच ठेवू.

उत्तर: नाही. दार उघडं असलं तरी नाही. शेगडी, कोळसा, बार्बेक्यू, काहीच आत नको, आणि विझलेला कोळसा पण नको, कारण विझल्यासारखा दिसला तरी त्यातून कार्बन मोनॉक्साइड येत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणसाला वाटतं आज चालणं जास्त झालं म्हणून असेल, आणि तो झोपतो. त्यापुढचं मला लिहायची इच्छा नाही. थंडी घालवायला म्हणून शेगडी आत घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं गेलेली आहेत, म्हणून इतकं कळकळीने सांगतेय. त्यात तंबूचं कापड पेटलं तर बाहेर पडायलाही वेळ मिळत नाही. चहा हवाच असेल तर तंबूपासून लांब, सगळ्या बाजूंनी मोकळी ताडपत्री उंच बांधा आणि तिच्याखाली करा, नाहीतर घरून थर्मास भरून न्या. आणि विजा कडाडायला लागल्या तर चहा, तंबू सगळं सोडून पक्क्या इमारतीत किंवा लोखंडी टपाच्या गाडीत जाऊन बसा, शेवटचा गडगडाट ऐकू आल्यावर तीस मिनिटं तरी बाहेर यायचं नाही.

प्रश्न: माझा पाच वर्षांचा मुलगा अंधाराला घाबरतो, तंबूत झोपेल का?

उत्तर: निघायच्या आधी एक-दोन आठवडे तंबू घरीच लावा, हॉलमध्ये, गच्चीवर, जिथे मावेल तिथे, आणि एक रात्र सगळे त्यात झोपा. त्याला स्वतःचा हेडलँप द्या आणि तो त्याच्याच उशाशी राहू द्या, रात्री पंचवीस वेळा लावला-विझवला तरी ओरडू नका. गळ्यात शिट्टी द्या, हरवल्यासारखं वाटलं तर होता तिथेच थांबून तीनदा वाजवायची एवढंच शिकवा, तीन शिट्ट्या म्हणजे मदत हवी हे बऱ्याच ठिकाणी समजतात. घरच्या त्या रात्री कुठली चेन अडकते, कोणाची मॅट हवा सोडते, खुंट्या पुरतात का, हेही कळतं, आणि तेव्हा ते बदलून आणायला वेळ असतो.