ते एकच आकडा मागतील

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री साहेबांना द्यायच्या तुझ्या पुराच्या टिपणाबद्दल फोनवर बोलताना तू रडली नाहीस, पण आवाज चिरकत होता. फोन ठेवल्यावर मला झोप येईना, म्हणून हे लिहायला बसलो. मी तुझ्यावर वैतागलो त्याची माफी मागणार नाही, कारण ज्या वाक्यावर वैतागलो ते वाक्य अजून तुझ्याकडं तसंच आहे. "सर, हवामानाच्या दोन्ही मॉडेलांची सरासरी काढून एक आकडा देऊन टाकू का?"

नाही.

एक मॉडेल म्हणतं, २०५० पर्यंत कोल्हापुरातला पावसाळ्यातला पाऊस वाढेल. दुसरं म्हणतं, घटेल. तू सरासरी काढलीस की उत्तर येतं, 'फारसा बदल नाही'. म्हणजे एक वैद्य म्हणाला ताप आहे, दुसरा म्हणाला अंग गार पडलंय, आणि तू बेरजेला दोनानं भागून पेशंटला ठणठणीत म्हणून घरी धाडलंस. दोघांपैकी एकानंही जे सांगितलं नाही, नेमकं तेच तू साहेबांच्या टेबलावर ठेवणार. आकडा नको, पट्टा दे. इथपासून इथपर्यंत. (तालमीत फिरवतात तो पट्टा वेगळा, पण चुकीच्या हातात दोन्ही लागतात.)

तुझी कोंडी मला कळत नाही असं नाही. साहेबांना एका पानात, एका आकड्यात हवंय. तुझे गाइड म्हणतात, अनिश्चितता लिहिलीस तर कुणी वाचणार नाही. दोघंही वाईट माणसं नाहीत. अशा बैठका मी आयुष्यभर केल्या. अकरा विषय असतात, आपला नववा असतो, चहा गार झालेला असतो आणि आपण "मध्यम खात्रीनुसार" असं काहीतरी पुटपुटत असतो. समोरचा माणूस घड्याळ बघतो. त्या क्षणी एक आकडा देऊन सुटावंसं वाटतं. मी दिला आणि सुटलो.

२००५ च्या पुरानंतरची गोष्ट आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा पन्नास फुटांच्या आसपास गेली होती. इशारा पातळी ३९, धोका पातळी ४३, हे आपल्याकडं शाळेतलं पोरगंही सांगतं. त्या वर्षीच्या पाण्याच्या खुणा भिंतींवर राहिल्या, कुणी तेलरंगानं रेघ मारून तारीख लिहिली. एका समितीत मला विचारलं, बांधकामाला ही खूण धरली तर चालेल ना? माझ्याकडं जेमतेम काही दशकांच्या नोंदी होत्या. एवढ्या नोंदींवरून 'यापेक्षा जास्त येणार नाही' असं कुणालाच म्हणता येत नाही, हे मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. तोंडी मी सांगितलंही की वर आणखी जागा ठेवा. पण इतिवृत्तात आलं ते एवढंच: २००५ ची पातळी अधिक दोन फूट. खाली सही माझी.

तोंडी सांगितलं होतं, हे मी पुढं चौदा वर्षं स्वतःला सांगत आलो. तुलाही आत्ता सांगितलंच की.

समितीचं सोड. कुंभार गल्लीत माझा वर्गमित्र गणपती करतो. त्यानंही शेड बांधताना विचारलं होतं, माळा किती उंचीवर घेऊ? त्यालाही मी तेच सांगितलं, खुणेच्या वर दोन फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बंधाऱ्यावर साडेपंचावन्न फूट झाले. गणेश चतुर्थी महिन्याभरावर होती, माळ्यावर मूर्ती ओळीनं लावलेल्या. पाणी ओसरल्यावर मी गेलो. प्लास्टरच्या मूर्ती एकमेकींवर कलंडून पडल्या होत्या, रंग सुटला होता. शाडूच्या जागेवर नव्हत्याच. फळीवर राखाडी गाळाचे ढीग, आणि एका ढिगात आतल्या सांगाड्याची तार आणि वर दोन काचेचे डोळे. तो पत्र्याच्या डब्यावर बसला होता. मला बघून शिवी देईल असं वाटलं. म्हणाला, "मग आता किती धरू, सांगा की."

बघ, पुन्हा एकच आकडा. आणि माझ्या जिभेवर आलाही होता. साठ म्हणणार होतो.

गल्लीतल्या कित्येक घरांत त्या वेळी माणसं थांबून राहिली, कारण '२००५ ला पाणी इथवर आलं नव्हतं'. ती अडाणी नव्हती. त्यांना कुणीतरी एक आकडा दिला होता आणि त्यांनी त्यावर भरवसा ठेवला. दोन वर्षांत, २०२१ च्या जुलैत, पाणी ५६ च्याही वर गेलं.

तू निळ्या आणि लाल पूररेषेवर नोंद लिहिणार आहेस ना? मग हे त्यात घाल. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदाचा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदाचा. ऐकणाऱ्याला वाटतं, एकदा येऊन गेला, आता नातवंडं बघतील. प्रत्यक्षात शंभरातला एक म्हणजे दर वर्षी एक टक्का, आणि तीस वर्षं त्या रेषेवर राहणाऱ्या घरात तो एकदा तरी शिरायची शक्यता साधारण २६ टक्के. हे २६ टक्के लोकांना कळतात. चारातलं एक घर, असं म्हण. आणि हा सगळा हिशेब आजवरच्या पावसावरचा. पावसाचीच चाल बदलत असेल तर कालची शंभराची रेषा उद्या साठाची असेल की चाळिसाची, तिथंही पट्टाच द्यावा लागतो. दे.

आता तुझा मसुदा. त्यात एक वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला. 'अतिवृष्टीच्या घटना ७५ टक्क्यांनी वाढल्या आहेत, त्यामुळे कोल्हापूर जिल्ह्यात...' तो आकडा २०२० च्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या अहवालातला आहे, दिवसाला १५० मिलिमीटरच्या वर पाऊस पडण्याच्या घटनांचा, १९५० ते २०१५ या काळाचा, आणि तो मध्य भारताचा आहे! मध्य भारताचा शर्ट कोल्हापूरच्या अंगात घालू नकोस. त्याच अहवालात लिहिलंय की १९५१ ते २०१५ मध्ये देशाचा मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला आणि ही घट ठळक दिसते ती गंगेच्या मैदानात आणि आपल्या पश्चिम घाटात. तो परिच्छेद तू गाळलास, कारण पुराच्या टिपणात घट शोभत नाही. असं करायचं नसतं, पोरी. एकूण पाऊस कमी आणि पडतो तेव्हा बदाबदा, हे दोन्ही एका वेळी खरं असू शकतं. तापमान एका अंशानं वाढलं की हवेत साधारण सात टक्के जास्त बाष्प मावतं. बादली मोठी झाली, पण ती कधी आणि कुठं उपडी होणार हे वाऱ्यावर ठरतं. इथंच मॉडेलं एकमेकांशी भांडतात. भांडतात म्हणून ती खोटी ठरत नाहीत. त्यांचं भांडणच तर तुला कळवायचंय.

आणि सगळं सारख्या आवाजात सांगू नकोस. उष्णता वाढणार, हे ठणकावून सांग; तिथं कुणाचं दुमत नाही. कमी वेळात जास्त पाऊस पडण्याचा कल वाढेल, हेही बऱ्यापैकी जोर देऊन सांग. हंगामाच्या एकूण पावसाला आवाज खाली आण. आणि नदीकाठच्या चिखलीत अमुक साली पाणी येईल का असं कुणी विचारलं, तर मॉडेल मिटून ठेव आणि नदीबद्दल बोल. तिथं धरणांतला साठा आहे, राधानगरीचे आपोआप उघडणारे दरवाजे आहेत, पात्रातली बांधकामं आहेत, आणि खाली नृसिंहवाडीला कृष्णा फुगली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही. सभेत कुणी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं नाव काढेल, कुणी सगळं हवामान बदलावर ढकलून मोकळा होईल. 'हवामान बदलामुळेच' यातला 'च' तेवढा खोडून टाक. त्या 'च'च्या आड नदीत भराव टाकणारे निवांत झोपतात.

जिल्ह्याची सरासरी तर नकाशावरूनच पुसून टाक. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर, शिरोळात पाचशेच्या आसपास. यांची सरासरी ज्या गावात पडते ते गाव मला दाखव, मी तिथं जमीन घेतो. जागतिक मॉडेलाच्या नकाशावरच्या एका चौकटीत घाट, पन्हाळा आणि शहर सगळं कोंबलेलं असतं. म्हणून प्रादेशिक मॉडेलं आली, पण पन्नास किलोमीटरच्या चौकटीलाही सह्याद्रीची ती उभी भिंत नीट दिसत नाही.

निरीक्षणं तरी निखळ असतात असं समजू नकोस. घाटमाथ्यावरच्या एका गावात मी ऐन जुलैत गेलो होतो. पर्जन्यमापक पाहणारा गडी सकाळी साडेआठला आला, डोक्यावर इरलं. नरसाळं उचललं तर आतली बाटली भरून वाहिलेली, बाहेरचा डबाही काठोकाठ. मी विचारलं, वरून किती गेलं असेल? म्हणाला, "गेलं ते गेलं की साहेब, हाय तेवढं लिवतो." त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं. आणि तोच आकडा पुढं दशांशासकट तुझ्या संगणकात आला. ज्या दिवसांचं मोल सर्वात जास्त, त्याच दिवशी माप अपुरं पडतं. मग पट्ट्याचं वरचं टोक मोकळं सोडशील की नाही?

तू म्हणशील, सर, इतकं सगळं एका पानात कसं मांडू. मांडता येतं. आधी त्या साहेबांना ठरवायचंय काय ते विचार. पुलाची उंची? स्थलांतराची वेळ? उसाची भरपाई? शिरोळच्या शेतकऱ्याला मिलिमीटर नकोत; उसाचा शेंडा किती दिवस पाण्याखाली राहील ते हवंय, कारण शेंडा बुडून कुजला की ऊस गेला. पट्टा त्याच्या मापात दे. फुटांत, दिवसांत, एकरांत.

कुंभाराला मी साठ म्हणालो नाही. तासभर बसून सांगितलं की छप्पन ते साठ, कदाचित वरही, मला ठरवता येत नाही. पण ज्या मूर्तींवर ॲडव्हान्स घेतलाय त्या माळ्याच्या भरवशावर ठेवू नकोस, बंधारा ३९ झाला की हलव. २०२१ ला त्यानं ३९ व्हायच्या आतच टेम्पो बोलावला. मी घरी हे अभिमानानं सांगितलं. नंतर त्यानंच माझी हवा काढली: "तुमचं छप्पन-साठ कुणाच्या ध्यानात ऱ्हातंय? पाऊस थांबंना म्हणून हलवलं." असू दे. एकोणचाळीस त्याच्या भिंतीवर खडूनं लिहिलेले मी पाहिलेत.

गाइडांशी भांडू नकोस. त्यांच्या सहीशिवाय तुझं पान पुढं जाणार नाही, आणि त्यांनीही अशा पुष्कळ बैठका सोसल्यात. पण पट्टा खोडायला सांगितला तर खोडू नकोस. आवाज न चढवता पुन्हा टाइप करून ने.

रविवारी सकाळी ये. पान घेऊन ये, लॅपटॉप नको. आधी बंधाऱ्यावर जाऊ, मग मिसळ.

तुझा,
सर

ता. क. ती २००५ नंतरची फाईल माळ्यावरून काढून ठेवली आहे. टाइप केलेलं वाचू नकोस. समासात पेन्सिलीनं लिहिलंय ते बघ: '५२ ते ५८?' माझंच अक्षर आहे.