लाडकी बहीण योजनेला अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा योग्य आहे का?

मर्यादा असावी, मात्र ती आजच्यासारखी एका रेषेवर तुटणारी नसावी, असे माझे मत आहे. महाराष्ट्रात जुलै 2024 पासून 21 ते 65 वयोगटातील पात्र महिलांना दरमहा 1,500 रुपये मिळतात आणि त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 2.5 लाखांच्या आत असावे लागते. म्हणजे 2,49,000 रुपये उत्पन्नाच्या घरातील पात्र महिलेला वर्षाकाठी 18,000 रुपये मिळतात, तर दोनच हजार जास्त कमावणाऱ्या शेजारणीच्या हाती छदामही पडत नाही.

त्याहून मोठी अडचण उत्पन्न मोजण्याची आहे. पगारदाराचा आकडा फॉर्म 16 वर, म्हणजे नोकरी देणाऱ्याकडून मिळणाऱ्या पगार व कराच्या दाखल्यावर, उघड असतो. भाजीची गाडी लावणाऱ्याचा किंवा कोरडवाहू शेतकऱ्याचा आकडा तहसीलच्या दाखल्यापुरता कसा ‘बसवला’ जातो, हे दाखला काढलेल्यांना ठाऊक आहे. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकाधारकांना या दाखल्यातून सूट दिली, हे शहाणपणाचे झाले. ट्रॅक्टर वगळता घरात कोणाच्याही नावावर चारचाकी असल्यास अपात्र, ही अट मात्र कर्जावर जुनी व्हॅन घेऊन पोट भरणाऱ्यालाही लागू पडते.

ब्रिटनमध्ये 2024 पासून बालभत्त्याची (मुलांसाठी पालकांना मिळणाऱ्या सरकारी रकमेची) करातून टप्प्याटप्प्याने होणारी वसुली 60,000 पौंड उत्पन्नावर सुरू होऊन 80,000 पौंडांना पूर्ण होते. असा उतार आपल्याकडे हवा. परंतु तिथे कुटुंबाचे नव्हे, जास्त कमावणाऱ्या एकाचेच उत्पन्न पाहतात, त्यामुळे प्रत्येकी 59,000 मिळवणारे जोडपे पूर्ण भत्ता राखते.