बाळाच्या हातातलं खेळणं कंपनीनं परत मागवलं तर?

ताई, माझी मुलगी 9 महिन्यांची आहे. नणंद न्यू जर्सीला असते, ती दिवाळीला आली तेव्हा दात येताना चावायचं रंगीत रिंगवालं खेळणं घेऊन आली होती. आता तिचा मेसेज आलाय की त्या खेळण्याचा रिकॉल निघालाय, त्यातले मणी सुटतात म्हणे. आमच्याकडचं तर अगदी धडधाकट आहे, एकही मणी हललेला नाही. सासूबाई म्हणतात एवढं महागाचं आहे, उगाच घाबरू नकोस. काय करू?
– एक आई, इंदिरानगर

आधी ते तिच्या हातातून काढून घे आणि उंच कपाटात ठेव, बाकीचं नंतर वाच.

रिकॉल काही फक्त तुटलेल्या खेळण्यांचा नसतो गं. त्या डिझाइनमध्येच किंवा जोडणीतच खोट आहे असं कळलं की तो सगळाच्या सगळा माल परत मागवतात, त्यात आज धडधाकट दिसणारे पण आले. दिवसभर लाळ, चावणं, फरशीवर आपटणं, गरम पाण्यात धुणं चालू असतं, त्यामुळे आज घट्ट असलेला मणी पुढच्या आठवड्यात तसाच असेल याची खात्री ना तू देऊ शकतेस ना सासूबाई. त्यांना प्रेमानं सांग, पण सांग नक्की.

अमेरिकेत हे काम सीपीएससी नावाचं सरकारी कमिशन बघतं. त्यांच्या रिकॉलच्या नोटिशीत मॉडेल नंबर, तारखेचा कोड, कधीपासून कधीपर्यंत विकलं हे सगळं दिलेलं असतं, खेळणं उलटं करून मागे किंवा शिवणीतल्या लेबलवर तो नंबर शोध आणि जुळव. नंबर पुसला गेला असेल तर आपलंही त्यातलंच आहे असं धरून चाल. पैसे परत, बदली किंवा दुरुस्ती यातलं काहीतरी देतात, पण खरेदी तिथली असल्यामुळे फॉर्म नणंदेलाच भरू दे. बऱ्याचदा कंपनी म्हणते की खेळणं कापून निकामी करा आणि फोटो पाठवा, म्हणजे परत पाठवायची भानगड नसते.

आणि एवढ्याशा मण्याची एवढी भीती का तर, या वयात मुलांची श्वासनळी जेमतेम त्यांच्या करंगळीएवढी असते, दाढा आलेल्या नसतात, खोकून बाहेर काढायची ताकद कमी आणि प्रत्येक गोष्ट तोंडात घालून बघायची हौस मोठी. 1978 च्या शेवटी अमेरिकेत एका 4 वर्षांच्या मुलाच्या घशात खेळण्यातल्या अंतराळयानाचं छोटं क्षेपणास्त्र अडकलं आणि तो गेला, मग 1979 मध्ये कंपनीनं ती खेळणी परत मागवली. 1980 पासून तिथे 3 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात सुटणारा छोटा भाग चालतच नाही.

नमस्कार. नवरात्रात कालिका देवीच्या यात्रेतून नातवासाठी (वय दीड वर्ष) खुळखुळा आणि चाकाची गाडी घेतली. सून म्हणते आयएसआय मार्क नाही, फेकून द्या. दुकानदार म्हणाला यात्रेतल्या खेळण्यांना मार्क लागत नाही. आमची मुलं तर असल्याच खेळण्यांवर वाढली. कोण बरोबर?
– एक आजोबा, पंचवटी

काका, सूनबाई बरोबर आहेत. 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, खेळणं मॉलमधलं असो, मेन रोडवरचं असो नाहीतर यात्रेतलं, त्यानं फरक पडत नाही. सूट आहे ती सरकारकडे नोंदणी झालेल्या हस्तकला कारागिरांच्या मालाला आणि जीआय (म्हणजे त्या गावाची खास ओळख असलेल्या मालाची सरकारी नोंद) मिळालेल्या खेळण्यांना, म्हणजे कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाकडी खेळणी वगैरे. प्लास्टिकच्या गाडीला ती सूट लागू होत नाही. मार्कच्या खाली सीएम/एल नं सुरू होणारा लायसन्स नंबर असतो, तो बीआयएसच्या (हा मार्क देणारी सरकारी संस्था) बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की कारखान्याचं नाव येतं. नुसता मार्क छापणं अवघड नाही म्हणून नंबर टाकून बघाच.

मुलं वाढली हे खरंच आहे, पण ज्यांच्या घरात असं काही झालं ते लोक यात्रेत उभं राहून सांगत नाहीत ना. म्हणून घरी एक गोष्ट करून बघा. जाड पुठ्ठ्याची पट्टी घ्या, साडेपाच सेंटीमीटर रुंद, आणि तिची अशी नळी करा की नळीचा घेर 10 सेंटीमीटर येईल (चिकटवायला थोडी पट्टी जास्त ठेवा). या नळीचं तोंड साधारण 32 मिलिमीटरचं होतं, लॅबमध्ये छोटे भाग तपासायचं जे भांडं असतं त्याचं तोंड जवळपास एवढंच असतं. नळी टेबलावर उभी ठेवायची आणि जी वस्तू दाबल्याशिवाय पूर्ण आत जाईल ती 3 वर्षांखालच्या मुलाजवळ नको. गोल गोळी किंवा बॉल असेल तर आणखी मोठा हवा, साडेचार सेंटीमीटरच्या वर, कारण गोल वस्तू घशात बरोब्बर बूच बसल्यासारखी बसते.

पण खेळणं आख्खं मोठं आहे म्हणून निवांत होऊ नका, त्याचे भाग ओढून बघा. चाक ओढा, खुळखुळ्याचा जोड दोन्ही हातांनी पिळा, बाहुलीचा डोळा, शिट्टी, टोपीचं बटण, शिवण. आतले दाणे बाहेर आले तर तेच सगळ्यात वाईट. आणि डब्यावर "3+" लिहिलेलं असतं ते मूल हुशार आहे का यासाठी नसतं, आमचा दीड वर्षाचाच पण भारी हुशार आहे म्हणून चालेल असं फार जण म्हणतात, तो आकडा छोट्या भागांसाठीच असतो बरेचदा.

आमच्या सोसायटीत पहिला वाढदिवस आहे, फुगे चालतील ना? आणि लाइट लागणारी खेळणी रिटर्न गिफ्ट द्यायची आहेत.
– गंगापूर रोड

फुगे छताला उंच लावा, मुलांच्या हातात देऊ नका, आणि फुटलेला प्रत्येक तुकडा लगेच गोळा करा. फुग्याचं रबर घशात जाऊन तिथल्या आकाराचं होऊन चिकटतं, पाठीवर मारूनही सहज सुटत नाही. अमेरिकेत तर 8 वर्षांखालच्या मुलांसाठी तसा इशारा पाकिटावर छापावा लागतो.

लाइटच्या खेळण्यात बटण सेल असतो. त्याच्या झाकणाला स्क्रू नसेल, नखानं उघडत असेल तर ते खेळणं देऊच नका. सेल अन्ननलिकेत अडकला तर 2 तासांतही आतून भाजतं. सेल किंवा लोहचुंबक गिळल्याची नुसती शंका आली तरी केळं भरवून खाली ढकलायचं नाही, उलटी काढायची नाही, सरळ एक्स-रे असलेल्या हॉस्पिटलला जायचं. दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या भिंती मध्ये चिमटतात आणि भोक पडतं, 2007 मध्ये मॅटेल या अमेरिकन खेळण्यांच्या कंपनीनं जगभरातून लाखो खेळणी परत घेतली ती याच कारणानं.

बाळाला खरंच अडकलं तर पहिल्या मिनिटात काय करायचं? मी घरी एकटीच असते.
– सिडको

मूल मोठ्यानं खोकतंय, रडतंय तर हवा जातेय, त्याला खोकू दे, लक्ष ठेव. आवाजच बंद झाला, ओठ निळे पडायला लागले तर वेळ नाही. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर हातावर पालथं घ्यायचं, डोकं छातीपेक्षा खाली, जबडा धरून, आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेनं जोरात 5 थापा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर 5 वेळा दाबायचं, परत पालथं, असं निघेपर्यंत. फोन स्पीकरवर टाकून 108 लाव. दिसत नसताना घशात बोट घालायचं नाही, वस्तू आणखी आत जाते. उलटं टांगून हलवायचं पण नाही. बाळ बेशुद्ध पडलं तर सीपीआर, म्हणजे छाती दाबून आणि तोंडानं श्वास देऊन, आणि तो वाचून येत नाही, पुढच्या लसीला जाशील तेव्हा बालरोगतज्ज्ञांना बाहुलीवर दाखवायला सांग, लाजू नकोस.

ताई, रिकॉल झालेलं खेळणं कामवाल्या मावशींच्या नातीला आधीच देऊन टाकलंय. आता परत कसं मागू?
– नाशिक रोड

आजच मागा. संध्याकाळी फोन करा, खरं कारण सांगा, आणि त्याच्या बदल्यात चांगलं खेळणं घेऊन जा. जे आपल्या बाळाला नको ते दुसऱ्या कुणाच्या बाळालाही नको, म्हणून भंगारात, बालवाडीत, जुन्या वस्तूंच्या ग्रुपवर पण द्यायचं नाही, तोडून टाकायचं.

आणि इथंच घेतलेल्या खेळण्याचा भाग निघाला तर बिल, डबा, तुटलेला भाग, फोटो जपून ठेवा आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. आयएसआय मार्क खोटा वाटला तर बीआयएस केअर अॅपवरून तक्रार जाते. 2019 च्या ग्राहक कायद्यानं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक माल परत मागवायला लावायचा अधिकार दिलाय, 2022 मध्ये त्यांनी मार्क नसलेल्या प्रेशर कुकरचे पैसे ऑनलाइन कंपनीला ग्राहकांना परत द्यायला सांगितले होते. पण कुणी कळवलंच नाही तर त्यांना कळणार कसं? आपल्याकडे लोक तुटलेलं खेळणं कचऱ्यात टाकतात आणि विसरतात, त्यामुळे तेच खेळणं पुढच्या यात्रेत परत टांगलेलं असतं. बाळाला इजा झाली असेल तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात नुकसानभरपाईचा दावा पण करता येतो, त्याला 2 वर्षांची मुदत आहे.