वाचकांचे प्रश्न : पिठाचा बळी कसा?

प्रश्न : मराठी बायबलात ‘अन्नबली’ हा शब्द आहे. पिठाचा बळी कसा देणार? प्राचीन इस्राएली लोकांच्या अशा अर्पणांमागे कोणता अर्थ होता? — एक वाचक, भायखळा

उत्तर : श्राद्धाला कावळ्यासाठी ठेवलेल्या भाताच्या घासाला आपण काकबळीच म्हणतो. त्यात मारणे कुठे आहे? हिब्रू शब्द ‘कोर्बान’ हा तर ‘जवळ येणे’ या अर्थाच्या धातूपासून आला आहे. देवाजवळ जाताना हातात जे न्यायचे, ते कोर्बान.

अन्नबली म्हणजे सपीठ, तेल आणि ऊद. याजक, म्हणजे पुरोहित, त्यातले मूठभर पीठ आणि सगळा ऊद वेदीवर जाळी, उरलेले याजकांचे. वेदीवर खमीर आणि मध चालत नसे, मीठ मात्र लागेच.

होमबलीत जनावर निर्दोष लागे. ते आणणारा माणूस त्याच्या डोक्यावर हात ठेवी आणि सहसा स्वतःच कापी. याजकाचे काम सुरू होई ते रक्तापासून. जीव रक्तात असतो (बायबलातले लेवीय हे पुस्तक, १७:११), म्हणून ते कोणी खायचे नाही, वेदीच्या बाजूंवर टाकायचे. आतडी आणि पाय पाण्याने धुऊन सगळे मांस जाळत; कातडे तेवढे याजकाला मिळे.

पण मला सर्वांत बोलके वाटते ते शांत्यर्पण. यात चरबी, गुरदे आणि काळजावरचा पडदा वेदीवर, छाती आणि उजवी मांडी याजकांना, आणि बाकीचे मांस आणणाऱ्याच्या घरच्यांना. आभाराचे अर्पण असेल तर मांस सकाळपर्यंत उरवायचे नाही. मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या जुन्या संग्रहाच्या हिशोबाने सोबत ४० भाकरी असत : १० खमिराच्या आणि तीन प्रकारच्या बिनखमिराच्या प्रत्येकी १०. प्रत्येक प्रकारातली एक याजकाला गेली, तरी ३६ उरत. एवढ्या भाकरी आणि अख्खे जनावर एका रात्रीत एका घराला कसे संपणार? शेजारीपाजारी बोलवावेच लागत, आणि ज्या संकटातून सुटका झाली ते चारचौघांत सांगितले जाई. नवसाच्या अर्पणाला दोन दिवसांची मुभा होती. तिसऱ्या दिवशी त्यातले खाल्ले, तर अर्पणच फुकट जाई.

प्रश्न : म्हणजे पाप करायचे, बकरा कापायचा आणि मोकळे व्हायचे? — एक वाचक, मुलुंड

उत्तर : नाही. पापबली मुख्यतः नकळत घडलेल्या चुकांसाठी होता. उद्दामपणे केलेल्या पापाला अर्पणाची वाटच ठेवलेली नाही (गणना १५:३०). कोणी दुसऱ्याला लुबाडून खोटी शपथ घेतली आणि पुढे दोष मान्य केला, तर मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा ज्याचा त्याला परत करायचा, १०० चे १२०. दोषबलीचा मेंढा आणायचा, पण त्याने ही भरपाई सुटत नसे.

माणसाची ऐपतही पाहिली जाई. सामान्य माणसाला बकरी किंवा मेंढी; ती झेपत नसेल तर दोन पारवे, एक पापासाठी आणि एक होमासाठी; तेही जमत नसेल तर एफा या धान्याच्या मापाचा दहावा भाग, म्हणजे सुमारे २ लिटर सपीठ, तेल आणि ऊद न घालता. रक्ताचा थेंबही नसताना क्षमा मिळे, हे ‘जिवाच्या बदल्यात जीव’ असा सरसकट अर्थ लावणाऱ्यांनी जरूर वाचावे.

प्रश्न : मुंबईतले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी, मलिदा करतात, तोही बळीच का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. यहुदी धर्मशास्त्रानुसार अर्पणे यरुशलेमच्या मंदिरातच व्हायची. इ.स. ७० मध्ये रोमनांनी ते पाडले आणि वेदीवरची अर्पणे थांबली. प्रार्थना त्यांच्या जागी आली. मलिदा एलियाहू हन्नावीच्या, म्हणजे संदेष्टा एलियाच्या नावाने करतात : भिजवलेले पोहे, खोबरे, साखर, सुकामेवा आणि सोबत फळे. नवस फेडताना किंवा आनंदाच्या प्रसंगी तो होतो, त्यामुळे भाव आभाराच्या अर्पणाजवळचा आहे. मात्र इथे वेदी नाही, अग्नीचा वाटा नाही. आशीर्वाद म्हणून झाले की ताट जमलेल्यांत वाटतात.